तिसऱ्या भागाची पेटी

ह्यांच्या हातून कुणाचा तरी जीव जाणार, न्हाईतर ह्यांचाच जाणार, ही भीती माझ्या पोटात बसली ती हातोड्याच्या पिच्चरचा तिसरा भाग येणार करून कळलं तवापासनं. पिच्चरपायी माणूस मरतंय व्हय, असं लग्नाआधी कुणी म्हटलं असतं तर मी बी हसले असते. माझं माहेर अळणावरच्या पुढं, रानात. तिथं ठेटर न्हाई. जत्रेत तंबू लागायचा, मातीत बसून बघायचं, पडद्यावर कुणाला मारायला लागले की आम्ही पोरी पदरात तोंड घालून रडायचो, आन् घरी येऊन भाकरी खाऊन झोपायचो. संपलं. शाळा माझी सातवीतच सुटली, मग लग्न झालं, हुबळीला आले, आन् इथं बघते तर पिच्चर संपतच न्हाई. पिच्चर घरात येतोय, ताटावर बसतोय, भांडतोय.

आमचे हे तीनचाकी टेम्पो चालवतात, स्टेशनावरनं माल उचलायचा आन् बाजारात टाकायचा. घरात हे, ह्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे भाऊजी, आत्ती म्हणजे माझी सासू, आन् मी. रायापूरच्या अलीकडं दोन खोल्या. पिच्चर रिळांत यायचा. पत्र्याच्या पेट्यांत रिळं भरून बेंगळूरहून रेल्वेनं यायची, आन् स्टेशनावरनं ठेटरला न्यायची ती ह्यांच्या टेम्पोतनं. हातोड्याचा पयला भाग ह्यांनीच नेला, दुसरा बी ह्यांनीच. त्यामुळं गावात ह्यांना मान हुता. टेम्पो थांबवून माणसं विचारायची, "अण्णा, पुढचा कवा?" जसं काय पिच्चर हेच काढतात.

पिच्चरमधला हिरो खाणीत दगड फोडणारा. खांद्यावर कायम हातोडा. लोक त्याला मारतात, तोंडावर थुंकतात, त्याच्या आईला ढकलून देतात, तरी तो हातोडा उचलत न्हाई. सगळं ठेटर ओरडतंय, उचल लेऽ, उचल, तरी न्हाई. अगदी शेवटी एकदाच उचलतोय. हे मला सांगायचे, "अगं, त्यातच सगळं हाय. ते डायरेक्टरचं डोस्कं. दुसरा कोण असता तर पयल्या रिळातच मुडद्यांचा ढीग लावला असता."

आन् त्यातलं बोलणं आमच्याकडचं. बेंगळूरच्या पिच्चरमध्ये आमच्या बाजूची कन्नड बोलणारा म्हणजे घरगडी न्हाईतर जोकर, हसायला ठेवलेला. हा डायरेक्टर आमच्या बाजूचा, त्यानं हिरोच्याच तोंडात ती भाषा घातली. पडद्यावर हिरो पयल्यांदा "एनलेऽ", म्हणजे "काय रे", म्हणाला तवा माणसं खुर्च्यांवर चढून उभी राह्यली. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं. शेजारची म्हातारी ह्यांना चिडवायची, "मराठी माणसं तुम्ही, तुम्हाला रे काय त्याचं?" हे म्हणायचे, "अक्का, जेवतो मराठीत, पण भांडतो कन्नडमध्येच की."

पेटीची एक पद्धत हुती. स्टेशनावर पेटी उतरली की टेम्पोला केळीचे खुंट बांधायचे, पेटीला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, आन् टेम्पोवाल्याच्या बायकोनं पेटीला हळदकुंकू लावून ओवाळायचं. पयल्या भागाला मी नवी नवरी, मीच ओवाळलं. पिच्चर शंभर दिवस चालला. दुसऱ्या भागाला माझी पोरगी कडेवर हुती, कुणीतरी म्हणालं लेकराला पेटीवर बसव, बसवलं, तो बी चालला. झालं, तवापासनं सगळे म्हणायला लागले, ह्या लेकराचा पायगुण. अभिमानी संघातली, म्हणजे हिरोच्या चाहत्यांच्या संघातली माणसं टेम्पोपुढं हातोडे घेऊन नाचायची, खरे लोखंडी हातोडे, सोनेरी कागद गुंडाळलेले. ते कुणावर उचलायचे न्हाईत, नुसते खांद्यावर ठेवायचे, हिरोसारखे.

तरी रगात निघायचंच. दुसऱ्या भागाच्या पयल्या शोला ठेटरचं दार उघडलं तवा एका माणसाचं बोट बिजागरीत सापडलं. बोट लोंबत हुतं आन् तो दुसऱ्या हाताची बोटं तोंडात घालून शिट्टी मारायलता. आत ब्लेडनं खुर्च्या फाडल्या, कापूस उडवला. हिरोच्या कटाउटवर नारळ फोडताना एक नारळ ह्यांच्या डोस्क्यात बसला. रगात भुवईवरनं डोळ्यात, तरी पिच्चर संपेपर्यंत उठले न्हाईत, माझ्याच पदरानं पुसत बसले. मी पोरगीला छातीशी धरून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत हुते. गर्दीत मला श्वास पुरत न्हाई, आधीपासनंच. आनंद झाल्यावर ही माणसं अशी, तर राग आल्यावर कशी असतील, हे मी तवाच ह्यांना म्हटलं हुतं. हे हसले.

मग बातमी आली. डायरेक्टरचं आन् पैसे घालणाऱ्याचं वाजलं, तिसरा भाग त्याच्याबिगर काढायचा. हिरो तोच, हातोडा तोच, नाव बी तेच, डायरेक्टर दुसरा, बेंगळूरचा. हिरोनं बी काय म्हटलं न्हाई, सही करून मोकळा झाला. हे दोन दिवस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले आन् भाऊजींनी शेजारी बसता बसता विषय काढला.

"अण्णा, असं काय घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून बसलायस? पडद्यावर डायरेक्टर दिसतोय व्हय? हिरो दिसतोय. हिरो हाय म्हणजे पिच्चर हाय."

"हिरोला बोलायला कोण शिकवलं? उद्या तो एनलेऽ सोडून एन गुरू म्हणंल, बेंगळूरच्या पोरांसारखं. चालंल तुला?"

"चालंल की. हिरो म्हणंल ते चालंल."

"आन् पयल्याच रिळात हातोडा उचलला तर?"

"उचलू दे! दोन भाग मार खाल्ला त्यानं. अजून किती खायचा? मी तर त्याचीच वाट बघायलोय."

"मग तुला पिच्चर कळलाच न्हाई, तम्मा. दोन्ही भाग तू नुसता शिट्ट्या मारायला आलतास."

"तुलाच कळलाय सगळा! पेटी वाहून वाहून तू बी डायरेक्टर झालास!"

ह्यांनी ताट उचललं आन् भिंतीवर मारलं. आमटी माझ्या केसात. भाऊजींनी ह्यांची कॉलर धरली, दोघं चुलीकडं लोळत गेले, स्टोव्ह पडला, रॉकेल सांडलं, आन् वर पोरगीचा पाळणा. मी पोरगीला ओढून घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. ह्यांनी भावाचं डोस्कं उंबऱ्यावर आपटलं, भावानं ह्यांच्या दंडाला चावा घेतला, दात रुतलेले दिसायलते. आत्तीनं केरसुणी घेतली आन् दिसंल त्याला झोडपायला लागली.

"एकाच पोटातनं आलात रे! त्या पडद्यावरच्या माणसाला तुमची नावं तरी ठाऊक हायत काय? नीच कुठले! रॉकेल सांडलंय, काडी ओढा की, मला बी घ्या त्यात, सुटते मी!"

काडीचं नाव काढल्यावर दोघं थांबले. भाऊजींनी कपडे पिशवीत भरले आन् हिरोच्या संघातल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये राह्यला गेले. जाताना पोरगीच्या गालाला हात लावला, ह्यांच्याकडं बघितलं न्हाई.

त्यानंतर गावात दोन गट पडले. एक हिरोचा, एक डायरेक्टरचा. तिसऱ्या भागाची पोस्टरं लागली की त्यावर शेण पडायचं, शेण मारणाऱ्याला गाठून दुसरे मारायचे. मळमड्डीतल्या चहाच्या हॉटेलात एक माणूस डायरेक्टरला चोर म्हणाला, त्याच्या तोंडावर उकळता चहा ओतला. हे तिथं हुते. मी विचारलं, कुणी ओतला? म्हणाले, "ओतला कुणीतरी." रात्री चादर काढून बघते तर ह्यांच्या बोटांवर बी फोड आलेले. त्यांच्या खाटेखाली सोनेरी कागदाचा हातोडा असायचा, त्यावरचा कागद एक दिवस गेला, नुसतं लोखंड राह्यलं. पोरगी आता चालायची, वाकून खाटेखाली शिरायची, त्या दांड्याला धरून ओढायला बघायची, मी धावत जाऊन तिला ओढायची.

पेटी कवा येणार हे कळलं त्या दिवशी दुपारी मी मागं धुणं धूत हुते. पुढं हे टेम्पो धूत हुते आन् त्यांच्या गटातला एक जण आलता. हळू बोलायलते, पण नळ बंद झाला आन् सगळं ऐकू आलं.

"ठेटरवाल्यानं पेटीसाठी मलाच सांगितलंय," हे म्हणाले. "तुम्ही उणकलला तळ्यावर थांबा. मी पेटी घेऊन सरळ तिथंच येतो."

"आन् हिरोची पोरं मागं लागली तर?"

"लागू देत."

"तुझा भाऊ असंल त्यात."

ह्यांनी हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाले, "असू दे."

धुणं माझ्या हातातच राह्यलं. तो माणूस गेल्यावर मी ओल्या हातानंच पुढं आले, म्हटलं, "अवो, पेटी बुडवली तर पोलीस धरतील, आन् न्हाई बुडवली तर ती पोरं मारतील, काय चाललंय तुमचं, पोरगी केवढी हाय बघा तरी." हे म्हणाले, "तू उद्या येऊ नकोस. ओवाळायला बायको कुठं म्हणून विचारलं तर पोरगीला ताप आलाय करून सांगतो."

"दुसरा बी पिच्चर निघंल की, ह्याच्या बदली. तुमचा डायरेक्टर नवा पिच्चर काढंल," मी म्हटलं.

"हे त्याचंच लेकरू हाय गं! दुसऱ्याच्या हातात देऊन त्याचे हातपाय मोडायलेत, आन् मी ते माझ्या टेम्पोत घालून नेऊ? मी?"

म्हणताना त्यांना रडू फुटलं. घरात माझ्यासमोर ते त्याआधी कधी रडले न्हवते. मला त्यांची कीव आली आन् तेवढीच भीती वाटली. रडून झालेला माणूस काय करंल सांगता येत न्हाई.

मी रातभर विचार केला, माझ्या डोस्क्यात एकच आलं. पोरगी पेटीवर असली तर कोण दगड मारणार न्हाई. आन् हे बी तळ्याकडं जाणार न्हाईत, पोरगी मागं बसलीय म्हटल्यावर गप ठेटरला जातील. हळदकुंकवाची पेटी, त्यावर लेकरू, हात लावायला कुणाची छाती हुणार? असं मला वाटलं. सकाळी हे गेल्यावर मी आत्तीला म्हटलं ओवाळायला जाते. आत्ती म्हणाली, "जा, निदान त्यांना लाज वाटंल." ताट घेतलं, पोरगीला कडेवर घेतलं आन् बसनं स्टेशनावर गेले.

तिथं गर्दी. हिरोचा गट एका बाजूला, मोटारसायकली लावून, भाऊजी सगळ्यांत पुढं. डायरेक्टरच्या गटातलं कोणच दिसंना, ते सगळे तळ्यावर. हिरोची माणसं ओरडायलती, शिट्ट्या मारायलती, त्यांना वाटलं जिंकलो. मला बघून ह्यांचं तोंड पांढरं पडलं.

"पोरगीला ताप हुता न्हवं?" कुणीतरी ह्यांना विचारलं.

"उतरला," मी म्हटलं.

रेल्वेतनं दोन पेट्या उतरल्या. एक टेम्पोत चढवली, तिला हार घातला. दुसरी हमालानं हातगाडीवर टाकली आन् गर्दीच्या कडेनं तसाच ठेटरकडं गेला. त्याच्याकडं कुणी बघितलं बी न्हाई. हार जिला, ओवाळणी जिला, तीच पेटी, असं सगळ्यांच्या डोस्क्यात पक्कं बसलेलं. ह्यांच्या बी.

मी ओवाळलं, पोरगीला पेटीवर बसवलं, आन् उतरायच्या ऐवजी मी बी हौद्यात चढून पेटीला टेकून बसले. हे मागं आले.

"उतर."

"न्हाई उतरणार."

"उतर म्हटलं न्हवं?"

"ठेटरला जाऊन उतरते."

सगळे बघायलते, ह्यांना जास्त बोलता येईना. टेम्पो चालू केला. पुढं नाचणारे, मागं मोटारसायकली. चौकात ठेटरकडं वळायचं हुतं. नाचणारे वळले. हे वळले न्हाईत. टेम्पो सरळ धारवाडच्या रस्त्याला लावला आन् जोरात सोडला. मी ओरडले, "अवो, अवो, पोरगी हाय मागं!" ऐकू गेलं असंल, मागची काच उघडीच हुती. विद्यानगर कवा गेलं कळलं न्हाई, कॉलेजची पोरं फुटपाथवर थांबून बघायलती. मी एका हातानं पोरगीला, एका हातानं हौद्याची कड धरून, पेटी इकडनं तिकडं सरकतेय आन् माझी पाठ फोडतेय. मागं मोटारसायकलींचा आवाज. मग दगड यायला लागले. पत्र्यावर दगड पडला की कानात किडा शिरल्यासारखं हुतं. मी पोरगीवर वाकले. भाऊजी सगळ्यांच्या पुढं हुते, एक हात वर करून मागच्यांना ओरडायलते, "नको रे, लेकरू हाय, लेकरू हाय!" पण कोण ऐकतंय. एक सोड्याची बाटली आली, पेटीच्या कडीवर फुटली, काचा उडाल्या, आन् पोरगीच्या कपाळातनं रगात आलं. ती रडलीच न्हाई. तोंड उघडलं आन् आवाज न्हाई. ते बघून मी इतकी किंचाळले की ह्यांनी गाडीला ब्रेक मारला.

उणकलचं तळं आलंच हुतं. बांधावर टेम्पो तिरका थांबला. ह्यांच्या गटातली माणसं तिथं थांबलेली, ती धावत आली, मागच्या मोटारसायकली पोचल्या, आन् दोन्ही गट एकमेकांवर पडले. साखळ्या, सायकलचे पंप, चपला, दगड. एकाच्या तोंडातनं दात पडताना बघितला मी, तांदळासारखा. कुणाला तरी केसाला धरून बांधावरनं खाली फरफटत नेलं. मी हौद्यातच, पोरगीचं कपाळ पदरानं दाबून धरलेलं, पदर लाल हुत चाललेला. भाऊजी गाडी तशीच टाकून धावत आले, हौद्यावर चढले, माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, लागलं काय हिला? बघू, बघू!" आन् हात पुढं केला, दुसरा हात पेटीवर टेकला, तोल जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात हे पुढनं येऊन हौद्यात चढले. त्यांना काय दिसलं? पोरगीच्या तोंडावर रगात, आन् भाऊ पेटीवर हात ठेवून उभा. त्यांच्या हातात हातोडा हुता. मी म्हणणार हुते, भाऊजींनी न्हाई मारलं, बाटलीची काच लागलीय. श्वासच आला न्हाई. त्यांनी हातोडा दोन्ही हातांनी वर नेला आन् खाली आणला. पेटीवरच्या हातावर. पत्र्याचा आवाज आला, आन् त्याच्या आत एक बारका आवाज आला, वाळलेली काडी मोडल्यासारखा. तो आवाज मला अजून ऐकू येतो, ऊस मोडला तरी येतो.

भाऊजी ओरडले न्हाईत. हाताकडं बघत उभे राह्यले. हातोडा परत वर गेला हुता. मी पोरगीला सोडून ह्यांच्या पायाला मिठी मारली, काय बोलले आठवत न्हाई, बोलले का ते बी ठाऊक न्हाई. हातोडा वरच थांबला. मग खाली ठेवला. मग ह्यांनी पेटी हौद्यातनं ढकलून दिली, ती बांधावरनं गडगडत पाण्यात गेली, हारासकट. जरा वेळ तरंगली, मग एका बाजूनं बुडाली. मारामारी करणारे सगळे थांबून तिकडंच बघत राह्यले. कुठंतरी पोलिसांची शिट्टी वाजली न्हाईतर कुणीतरी वाजवली, आन् क्षणात बांध मोकळा झाला. आम्ही चौघंच राह्यलो.

दवाखान्यात जाताना हे टेम्पो चालवत हुते आन् एवढे मागं वळून बघायलते की गाडी रस्त्यावर नागमोडी चालायली. मागं भाऊजींचा हात मी पोरगीच्या दुपट्यात गुंडाळला. दुपट्यात हाताचा आकारच राह्यला न्हवता. भाऊजी पोरगीकडं बघत म्हणाले, "हिला काच लागलीय, वैनी, खोल न्हाई. रडली म्हणजे बरी हाय." आन् तवा पोरगी रडायला लागली.

दवाखान्यात दोन बोटं काढली. पोलीस आला, विचारलं, कसं झालं. मी पोरगीला घेऊन भिंतीला टेकून उभी. हे सांगायला पुढं झाले, त्याआधीच भाऊजी पडल्या पडल्या म्हणाले, "पेटी उतरवताना हात खाली सापडला, साहेब. अण्णानंच मला इथं आणलं." पोलिसानं ह्यांच्याकडं बघितलं, पेटी कुठं म्हणाला. भाऊजी म्हणाले, "लोकांनी पळवली. गर्दीत कोण कोण, कळलं न्हाई." पोलिसाचा इश्वास बसला न्हाई, पण गेला.

संध्याकाळी आत्ती डबा घेऊन आली, तिनं ठेटरची गोष्ट सांगितली. ठेटरपुढं माणसं जमलेली, पेटी येईना, लोकांनी काचा फोडायला सुरुवात केली. मालक घाबरला. हातगाडीवरची दुसरी पेटी तेवढी आत पोचलेली, त्यात पिच्चरचा मागचा भाग. त्यानं तोच लावला. "अर्ध्यातनं पिच्चर चालू झाला," आत्ती म्हणाली, "आन् कुणी काय म्हटलं न्हाई म्हणे. शिट्ट्या मारत हुते. बाहेर येऊन म्हणाले, पयल्या दोन भागांपेक्षा झकास."

ते ऐकून हे उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं भाऊजी मला हळूच म्हणाले, "वैनी, अण्णाला सांग, बघून ये म्हणावं. मला जाता येत न्हाई. कसा हाय ते तरी कळू दे."

मी म्हटलं, "भाऊजी, तुमची बोटं गेली, आन् अजून पिच्चरच?"

"बोटं गेली, पिच्चर कुठं गेलाय?"

ह्यांना सांगायला मला जमलं न्हाई, आत्तीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे गेले. मी दवाखान्याच्या खिडकीत बसून रस्ता बघत राह्यले, कुणी ओळखलं तर तिथंच मारतील करून. दुपारी आले, कुणी मारलेलं न्हवतं. भावाच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. दोघं आदल्या दिवसापासनं एकमेकांशी बोलले न्हवते.

"कसा हाय?" भाऊजींनी विचारलं.

"बोलणं आपलंच ठेवलंय," हे म्हणाले. "एनलेऽ म्हणतोय. पण घशातनं म्हणतोय, पोटातनं न्हाई. मला वेगळा वाटला. पब्लिकला न्हाई वाटला."

"सुरुवातीपासनं सांग."

"सुरुवात तळ्यात हाय."

"मग तूच सांग की काय असंल ते. तुला ठाऊक असंल."

ह्यांनी स्टूल आणखी पुढं सरकवलं. मग सांगायला लागले. खाण, सकाळ, हिरो उठतोय, आई त्याला भाकरी देतेय. न बघितलेलं सगळं सांगायलते, बघितल्यासारखं, जुन्या डायरेक्टरनं काढलं असतं तसं. भाऊजी डोळे मिटून ऐकायलते. मी दारात पोरगीला पाजत उभी, पयल्यांदा माझा श्वास जरा सैल झाला. मग हे म्हणाले, मुकादम येतोय, आईला शिवी देतोय, हिरो नुसता बघतोय. भाऊजींनी डोळे उघडले.

"न्हाई न्हाई. आता तो गप बसणार न्हाई. तिसरा भाग हाय हा."

"तो गपच बसणार. मला ठाऊक हाय तो काय करंल."

"तुला काय ठाऊक? तू काय त्याचा डायरेक्टर?"

"मग तू सांग! सांग की, तूच सांग!"

हे स्टुलावरनं उठले. भाऊजींनी डाव्या कोपरावर उठायला बघितलं, बांधलेला हात चादरीवर आपटला, तोंड पिळवटलं, तरी म्हणाले, "सांगतो की, बस!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडं वळला. मी पोरगीला तशीच छातीवरनं ओढली, ती रडायला लागली, आन् मी जाऊन दोघांच्या मधी खाटेच्या कडेवर बसले. हे उभेच हुते. पोरगी रडत हुती, कपाळावर पट्टी, दोघांकडं आळीपाळीनं बघत. मग हे बसले. भाऊजींनी परत डोळे मिटले आन् हळू म्हणाले, "बरं, मुकादम शिवी देतोय. पुढं?"

हे सांगायला लागले. मी मधनं उठले न्हाई. आता भाऊजी घरी आलेत, पुढच्या खोलीतच असतात, आन् दोघं बोलायला लागले की मी हातातलं काम टाकून तिथं जाऊन मधी बसते.